पाटणादेवीच्या शैक्षणिक सहलीत एआर कसे वापरावे

चाळीसगाव परिसरातील शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि त्यांपैकी बऱ्याच सहलींच्या यादीत पाटणादेवीचे नाव असते. देवीचे दर्शन, धबधब्याचे कुंड, सावलीत बसून डबा खाणे आणि उन्हे कलताना परतीचा प्रवास, असा तिचा क्रम ठरलेला आहे. ज्या पाटणे गावाच्या शिवारात ही मुले उभी असतात, त्याच ठिकाणी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाला होता, हे मात्र फार थोड्या मुलांपर्यंत पोहोचते. हे सांगणाऱ्या तेथील शिलालेखाची अक्षरे झिजलेली, भाषा संस्कृत आणि जुनी मराठी. शिक्षक कितीही तळमळीने सांगत असले तरी मागच्या रांगेतल्या मुलाला पुढच्याची पाठ तेवढी दिसते.

ही अडचण कमी करण्यासाठी ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजेच संवर्धित वास्तव किंवा थोडक्यात एआर, उपयोगी पडते. रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या व्याख्येनुसार एआरच्या अटी तीन आहेत: खरे आणि आभासी एकत्र दिसावे, पाहणाऱ्याच्या हालचालीला त्याच क्षणी प्रतिसाद मिळावा आणि आभासी वस्तू त्रिमितीत आपल्या जागेवर पक्की बसावी. यातील तिसरी अट सहलीसाठी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण जागेशी न जुळणारे चित्र वर्गातल्या फळ्यावरही दाखवता येते आणि त्यासाठी घाटापर्यंत जाण्याचे कारण उरत नाही.

माझा पहिला प्रयत्न फसला होता. जुने दगडी मंदिर पूर्वी कसे दिसत असेल याचे एक मोठे मॉडेल मी फोनवर आणले आणि मुलांना मंदिराभोवती फिरवले. मुले खूश झाली. परत येताना बसमध्ये मी द्वारशाखेवरील कोरीव कामाविषयी विचारले, तेव्हा एकाही मुलाने ते पाहिलेले नव्हते. दीड तास त्यांनी मंदिराऐवजी फोनकडे पाहिले होते. तेव्हापासून मी प्रत्येक एआर दृश्याला एकच कसोटी लावतो: फोन खाली ठेवल्यावर मूल त्या जागेकडे अधिक बारकाईने पाहते की नाही. या मार्गदर्शिकेतील प्रत्येक सूचना त्या कसोटीतून आलेली आहे.

आधी प्रश्न, मग तंत्र

स्थळाची संपूर्ण माहिती एआरमध्ये कोंबण्याचा मोह टाळावा. एका सहलीसाठी एक प्रश्न आणि फार तर तीन दृश्ये पुरेशी होतात. जे आता दिसत नाही, पण दिसल्याशिवाय समजत नाही, तेथेच एआर वापरावे. एरंडोल तालुक्यातील फरकांडे येथील झुलत्या मनोऱ्यांपैकी एक कोसळलेला आहे. उरलेल्या मनोऱ्याशेजारी पडलेला मनोरा उभा करून दाखवणे हा एआरचा उत्तम उपयोग ठरेल. तापीकाठच्या प्रकाशे येथे उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनचे थर सापडले. पायाखालच्या मातीतील ते थर उभे कापून दाखवल्यास मुलांना काळाची खोली कळेल. उलट जळगावात बहिणाबाईंच्या घरातील जाते आणि चूल पाहताना कॅमेरा मध्ये आणण्याची काहीच गरज नाही. तेथे अहिराणी आणि लेवा बोलीचा कान असलेल्या कोणीतरी दोन ओव्या म्हणाव्यात; त्याहून अधिक काही केले तर वस्तूची शांतता बिघडते, असे माझे मत आहे.

पाटण्यासाठी मी निवडलेला प्रश्न असा: आठशे वर्षांपूर्वी या मठात गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे कोणते उदाहरण असेल आणि ते आपल्याला सोडवता येईल का?

शिलालेख काय सांगतो आणि काय सांगत नाही

डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणलेला पाटण्याचा शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा मानला जातो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले, असा त्याचा आशय आहे. त्यात घराण्याची वंशावळ आहे. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या आणि चांगदेव सिंघणाच्या आश्रयाला होते, हेही त्यात येते. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून बाजारातील मालावरचे उत्पन्न आणि तेलाच्या घाण्यांमागे ठरलेले तेल मठाला दिल्याचा उल्लेख त्यात आहे. मुलांना हा तेलाचा तपशील फार आवडतो, कारण मठातला विद्यार्थी रात्री दिव्याच्या उजेडात अभ्यास करत असेल हे त्यांना न सांगताच सुचते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा, आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी ३६ व्या वर्षी पूर्ण केला, हे त्यांनीच सांगितले आहे. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड असल्याचेही ते सांगतात. परंतु ते गाव नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. म्हणून ‘भास्कराचार्य येथेच जन्मले’ किंवा ‘येथे त्यांची वेधशाळा होती’ असे दाखवणारे दृश्य तयार करू नये. आपल्या जिल्ह्याचा अभिमान मलाही आहे, आणि म्हणूनच तो शिलालेखाच्या पुढे धावू नये असे मला वाटते. फोनवर घुमट आणि दुर्बीण दिसली की मूल ते जन्मभर खरे मानते. शिवाय दुर्बीण भास्कराचार्यांनंतर साडेचारशे वर्षांनी आली.

सांस्कृतिक वारशाच्या संगणकीय चित्रणासाठी तयार झालेल्या लंडन चार्टरमध्ये, आज उपलब्ध असलेली आवृत्ती २००९ ची, पुरावा कोठे संपतो आणि तर्क कोठे सुरू होतो हे प्रेक्षकाला कळले पाहिजे, असे तत्त्व आहे. ते आपण सोप्या रीतीने पाळू शकतो. ज्याला पुरावा आहे ते भरीव रंगात दाखवावे, तर्काने उभे केलेले सर्व काही पारदर्शक, तुटक रेषांत दाखवावे, आणि सहलीच्या आधीच वर्गात हा संकेत मुलांकडून वदवून घ्यावा. मठाची इमारत कशी होती हे ठाऊक नसल्यामुळे माझ्या दृश्यात इमारत नाही. आहे तो फक्त खांब, मोर आणि साप.

नऊ हातांचा खांब

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातील एक उदाहरण असे आहे. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे सत्तावीस हात अंतरावरून साप बिळाकडे येताना मोराला दिसतो आणि मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो. दोघांनी कापलेले अंतर सारखे असेल, तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल?

रीत सुंदर आहे. खांबाच्या उंचीच्या वर्गाला सापाच्या अंतराने भागावे: ८१ भागिले २७, म्हणजे ३. ते अंतरातून वजा करावे: २४. त्याचे निम्मे करावे: १२. बिळापासून बारा हातांवर गाठ पडते आणि तोवर साप व मोर प्रत्येकी पंधरा हात गेलेले असतात. नऊ, बारा आणि पंधरा हा काटकोन त्रिकोण सातवीच्या मुलालाही ओळखता येतो, फक्त त्याला भुज, कोटी आणि कर्ण ही नावे नवीन असतात.

आता हा प्रसंग जमिनीवर खऱ्या मापात उभा करायचा आहे. एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे, २४ अंगुळांचे माप. ते आपण ४५ सेंटिमीटर धरू. त्यानुसार खांब ४.०५ मीटर उंच होईल, साप १२.१५ मीटर अंतरावर असेल आणि गाठ ५.४० मीटरवर पडेल. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे दृश्य याच मापांनी बांधावे आणि जीएलबी या त्रिमितीय फाइलीच्या स्वरूपात बाहेर काढावे. या स्वरूपात एक एकक म्हणजे एक मीटर असा नियम असल्याने माप फोनवरही तेच राहते. वेबपानासाठी गुगलचा मॉडेल-व्ह्यूअर हा घटक वापरत असल्यास त्यातील एआर-स्केल ही सूचना ‘फिक्स्ड’ ठेवावी. तसे न केल्यास मुले दोन बोटांनी मोर लहान-मोठा करत बसतात आणि सगळा मुद्दा हातचा जातो. फाइल पाच मेगाबाइटच्या आत ठेवावी; मोराचे प्रत्येक पीस रेखाटण्यात दोन रात्री घालवल्यावर मला कळले की मुले पिसे पाहत नाहीत, उंची पाहतात.

आणि उंचीच पाहण्यासारखी आहे. पुस्तकातला नऊ हातांचा खांब बोटभर असतो. मोकळ्या पटांगणात तो चार मीटर उंच उभा राहिला, तेव्हा सातवीतला एक मुलगा मान मागे टाकत म्हणाला, “सर, मोर कितला उच्चा बठेल से!” आणि लगेच फोन मित्राच्या हातात देऊन, साप जेथे दिसत होता तेथपर्यंत पावले मोजत चालत गेला. त्याने पडदा सोडला होता. जमिनीवरचे अंतर आता त्याचे झाले होते.

एआर दाखवण्याच्या आधी मुलांना सुतळी आणि खुंट्या द्याव्यात. प्रत्येक गटाने आपल्यातील एकाच्या हाताचे माप ठरवून त्या मापाने सत्तावीस हात मोजावेत, बिळाच्या जागी खुंटी ठोकावी आणि गाठ कोठे पडेल याचा अंदाज करून दुसरी खुंटी ठोकावी. बहुतेक गट ती बरोबर मध्यावर, साडेतेरा हातांजवळ ठोकतात. त्यानंतर फोन वर करावा. बारा वर्षांच्या मुलाचा हात ४५ सेंटिमीटरपेक्षा तोकडा असल्याने त्याची सुतळी फोनवरच्या सापापर्यंत पोहोचत नाही आणि गटात वाद सुरू होतो. हा वाद थांबवू नये. थोड्या वेळाने कोणाच्या तरी लक्षात येते की माप कोणाच्याही हाताचे घेतले तरी उत्तर ‘बारा हात’ हेच राहते. एककाची कल्पना याहून चांगली शिकवण्याची संधी मला वर्गात कधी मिळालेली नाही.

दुसऱ्या दृश्यासाठी, पुढच्या वर्षी, मोडलेल्या बांबूचे उदाहरण घेता येईल: बत्तीस हातांचा बांबू वाऱ्याने मोडतो आणि त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर टेकते, तो बुंध्यापासून बारा हातांवर मोडलेला असतो. त्यासाठी बरीच मोठी मोकळी जागा लागते.

परवानगी आणि जागेची शिस्त

पाटणादेवीचा परिसर १९८६ मध्ये जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो आणि जवळची पितळखोरा लेणी संरक्षित स्मारक आहेत. त्यामुळे वन विभाग आणि पुरातत्त्व विभाग या दोघांकडे लेखी पत्र देऊन, नेमके काय करणार आहोत हे आधीच कळवावे. ड्रोन, तिपाई आणि ध्वनिक्षेपक यांचा विचार सोडून द्यावा. दगडावर, झाडावर किंवा भिंतीवर क्यूआर कोड चिकटवू नये. तो पुठ्ठ्यावर छापून शिक्षकाने हातात धरावा आणि परत न्यावा. छपाई मंद पोताच्या कागदावर करावी, कारण चकचकीत लॅमिनेशनवर ऊन चमकले की कॅमेऱ्याला चिन्ह ओळखता येत नाही.

शिलालेख वाचता यावा म्हणून त्यावर पाणी, तेल, खडू किंवा पीठ चोळण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. तिने अक्षरांचे नुकसान होते. मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे. झिजलेल्या दगडावर थेट एआर बसवण्याचा प्रयत्नही करू नये, कारण अंधुक उजेडात फोनला त्यातील खुणा सापडत नाहीत. शिलालेखाच्या छायाचित्राचे कार्ड करून त्यावर लिप्यंतर आणि आजच्या मराठीतील अर्थ उमटवावा, आणि कार्ड पाहून झाल्यावर मुलांनी मूळ दगडावर किमान एक अक्षर स्वतः शोधावे.

फोन, नेटवर्क आणि ऊन

दरीत नेटवर्क मिळेल असे गृहीत धरू नये. सर्व फाइली आदल्या दिवशी शाळेत उतरवून घ्याव्यात आणि फोन फ्लाइट मोडमध्ये टाकून पूर्ण दृश्य एकदा चालवून पाहावे. वेबपानावरील एआर कॅमेरा वापरते, म्हणून ते सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस पत्त्यावरच चालते. हे ऑफलाइन साठवणीचे काम जमत नसेल, तर युनिटी या ॲप बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लहान ॲप तयार करून ते फोनमध्ये थेट बसवावे. अँड्रॉइडवर गुगल प्ले सर्व्हिसेस फॉर एआर आधीच असणे आवश्यक आहे आणि अनेक स्वस्त फोनांत एआरकोर ही गुगलची एआर प्रणाली चालतच नाही. त्यामुळे आठवडाभर आधी प्रत्येक फोन हातात घेऊन तपासावा.

जीपीएसवर आधारलेली दृश्ये मी वापरत नाही. मोकळ्या आकाशाखालीही फोनच्या जीपीएसची चूक साधारण पाच मीटर असते, आणि झाडी व कड्यांमुळे ती वाढते. बारा मीटरच्या उदाहरणात पाच मीटरची चूक म्हणजे उदाहरणच राहत नाही. त्याऐवजी जमीन ओळखून वस्तू ठेवण्याची पद्धत वापरावी. तिला पोत असलेली जमीन लागते. खडी, गवत आणि पाचोळा चालतो, गुळगुळीत फरशी चालत नाही.

एआरमध्ये कॅमेरा, पडदा आणि प्रोसेसर एकाच वेळी राबतात, म्हणून फोन तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. खानदेशातील एप्रिल-मेच्या उन्हात हा उपक्रम करू नये. हिवाळ्यातही सकाळी अकराच्या आत तो संपवावा, पडद्यावर सावली पडेल अशी मुलांची पाठ सूर्याकडे ठेवावी आणि एक जादा फोन व दोन पॉवर बँक जवळ असाव्यात.

सहलीचा दिवस

चाळीस मुलांसाठी आठ फोन पुरतात: पाच जणांचा एक गट आणि प्रत्येक गटाला एक फोन. फोन शिक्षकांचे आणि सोबत आलेल्या पालकांचे असावेत. मुलांना स्वतःचे फोन आणायला सांगू नये, कारण ज्याच्या घरी चांगला फोन नाही ते मूल सहलीच्या दिवशी सर्वांसमोर मागे पडते. गटात एकाने फोन धरावा, एकाने सुतळी, एकाने वहीत लिहावे, एकाने कार्ड वाचावे आणि पाचव्याने फोन धरणाऱ्याच्या पायांकडे लक्ष ठेवावे. पाचवे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. पडद्यात पाहणाऱ्याला दगड दिसत नाही. म्हणून पायऱ्या, कुंडाचा काठ आणि कड्याची बाजू येथे एआर पूर्णपणे बंद ठेवावे. मधमाश्यांची पोळी असलेल्या कड्याखाली गोंगाटाचा कोणताही उपक्रम घेऊ नये.

फोन सलग तीन मिनिटांपेक्षा जास्त वर नको. ‘फोन वर’ आणि ‘फोन खाली’ अशा दोन सूचना आधीच ठरवाव्यात आणि ‘फोन खाली’ झाल्यावर किमान दहा मिनिटे सुतळी, वही आणि बोलणे एवढेच चालावे. दृश्यासोबतचा आवाज गावातल्या माणसाचा असावा. शक्य असल्यास एक भाग प्रमाण मराठीत आणि एक अहिराणीत ध्वनिमुद्रित करावा. आपल्या घरची बोली गणिताच्या उदाहरणात ऐकू आली की एरवी गप्प बसणारी मुलेही उत्तर द्यायला पुढे येतात. दृष्टी अधू असलेल्या मुलाला सुतळीचा त्रिकोण हाताने चाचपता येतो, म्हणून त्याच्या गटाची सुतळी ताणलेली आणि गाठी मारलेली ठेवावी.

मुलांची नावे, छायाचित्रे किंवा ई-मेल मागणारे ॲप वापरू नये. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मोर पाहण्यासाठी खाते उघडण्याची काहीच गरज नाही.

परतीच्या वाटेवर वेळ उरल्यास चाळीसगावात केकी मूस यांचे संग्रहालय पाहावे. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून निसर्गदृश्याचा भास निर्माण करणारी त्यांची टेबलटॉप छायाचित्रे पाहताना, भास कसा रचला जातो, हा दिवसभराचा विषय मुले स्वतःहून काढतात.

आठ दिवसांनी

‘मजा आली का?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हो’ असते आणि त्यातून काही कळत नाही. आठ दिवसांनी, कोणतीही पूर्वसूचना न देता, कोरा कागद देऊन दोन गोष्टी विचाराव्यात: खांब, साप आणि गाठीची जागा मापासह काढ, आणि त्या दिवशी पाहिलेल्यांपैकी खरे काय होते व फोनने दाखवलेले काय होते, ते दोन रकान्यांत लिही. दुसऱ्या प्रश्नात मठाची इमारत पाहिल्याचे कोणी लिहिले, तर आपल्या सांगण्यात कोठेतरी चूक झाली आहे असे समजून पुढच्या वेळी ती दुरुस्त करावी.

शेवटी फाइलींची व्यवस्था. परक्या कंपनीच्या मोफत सोयीवर सर्व काही ठेवू नये. गुगलचे पॉली हे मॉडेलांचे भांडार २०२१ मध्ये बंद झाले आणि मेटाची स्पार्क ही एआर दृश्ये बनवण्याची सोय जानेवारी २०२५ मध्ये. त्यांवर उभारलेली शैक्षणिक दृश्ये त्यांच्याबरोबर गेली. ब्लेंडरची मूळ फाइल, जीएलबी, ध्वनिमुद्रणे, कार्डांची छपाईप्रत, परवानगीची पत्रे आणि मापांची वही हे सर्व एका पेन ड्राइव्हवर व शाळेच्या संगणकावर ठेवावे, आणि पुढच्या वर्षी सहल नेणाऱ्या शिक्षकाला सुतळीच्या गुंडाळीसह सोपवावे.